नियतकालिकांची मांडणी : मेजापासून उतरत्या फळीपर्यंत

पुस्तकाला ग्रंथालयात पाठ फिरवून उभे राहता येते. त्याच्या पाठीवर त्याचे नाव असते, ग्रंथकाराचे नाव असते, खाली वर्गांक असतो. आणि एवढ्या ओळखीवर ते दहा वर्षांनंतरही हवे त्यास सापडते. मासिकाची गोष्ट निराळी आहे. दोन तारांनी टाचलेले ते साठ-सत्तर पानांचे चोपडे कपाटात उभे केले तर वाकते आणि आडवे ठेवले तर दुसऱ्याच्या खाली दडपून जाते. त्याला पाठ म्हणून जी काही असते तिच्यावर नाव छापण्याइतकीही रुंदी नसते. त्याचे नाव, महिना, वर्ष, अंक आणि आतल्या मजकुराची सूचना ही सारी मुखपृष्ठावर असतात. सबब मासिक वाचले जावयाचे असेल तर त्याचे तोंड वाचकाकडे असले पाहिजे. हे तोंड वाचकाकडे कसे करावे, हा प्रश्न वरवर पाहता सुतारकामाचा वाटतो. परंतु चालू महिन्यात देशात काय विचार चालला आहे हे कोणाच्या दृष्टीस पडावे आणि कोणाच्या पडू नये, याचा निकाल पुष्कळ वेळा त्या सुतारकामानेच लागत असतो.

मराठीत ‘मांडणी’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. घरातील स्वयंपाकघरात घासूनपुसून लखलखीत केलेली भांडी ज्या फळ्यांवर लावतात, ती मांडणी. आणि वक्ता आपला विषय ज्या क्रमाने श्रोत्यांपुढे ठेवतो, तीही मांडणीच. वस्तू नीट लावून ठेवणे आणि ती दुसऱ्यास दिसेल अशी ठेवणे, असे दोन्ही अर्थ या एका शब्दात आले आहेत. नियतकालिकांच्या बाबतीत या दोन अर्थांची फारकत करून चालत नाही. नाशिक जिल्ह्यातील देवळ्यासारख्या गावी आज कला, विज्ञान व वाणिज्य या तिन्ही शाखांचे महाविद्यालय चालते. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यासमोर चालू महिन्याचा अंक उघडपणे यावा, यासाठी मराठी मुलखाला जवळजवळ दोन शतकांची वाट चालावी लागली आहे. ती वाट कोणकोणत्या मुक्कामांवरून आली हे पाहणे बोधप्रद ठरेल.

नियतकालिक ही वस्तू मुळात विद्वानांच्या पत्रव्यवहारातून जन्मास आली. युरोपात १६६५ साली, जानेवारीत पॅरिस येथे आणि मार्चमध्ये लंडन येथे, अशी दोन नियतकालिके निघाली. नवे शोध, नवी पुस्तके आणि दूरदूरच्या पंडितांची पत्रे त्यांत छापली जात. ग्रंथ लिहून होईपर्यंत वाट न पाहता विचार ताजा असतानाच तो इतरांपुढे ठेवावा, हा त्यामागील हेतू होता. मराठीत ही कल्पना आली ती एका अध्यापकाच्या हातून. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईस ‘दर्पण’ सुरू केले. त्याच्या पानावर एका स्तंभात इंग्रजी व दुसऱ्या स्तंभात मराठी मजकूर असे. पुढे १८३४ साली जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेत साहाय्यक प्राध्यापक झाले, आणि १८४० साली ‘दर्पण’ बंद होत असतानाच त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान यांसारखे शाळा-महाविद्यालयांतले विषय मराठी वाचकापर्यंत पोचविणे हा त्याचा उद्देश होता. म्हणजे मराठीतील पहिले वर्तमानपत्र व पहिले मासिक ही दोन्ही एका शिक्षकाची अपत्ये होत. महाविद्यालय व नियतकालिक यांचे नाते या भाषेत इतके जुने आहे.

छापलेला अंक वाचकाच्या हाती जावयाचा कसा, हा मात्र दुसरा प्रश्न होता. वर्गणी भरून अंक घरी मागविणारे लोक थोडे; वाचू शकणारे त्यांहून अधिक; आणि वाचलेले ऐकावयास उत्सुक असणारे त्यांहूनही अधिक. ही अडचण वाचनालयांनी अंशतः दूर केली. रत्नागिरीस १८२८ साली, नाशिकास १८४० साली आणि पुण्यास १८४८ साली अशी वाचनालये स्थापन झाली. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय त्या मूळ वर्षापासूनची परंपरा आजही सांगते. पुण्याच्या संस्थेच्या उभारणीत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा हात होता. आणि लोकहितवादींची शतपत्रे ज्या वर्षी भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात छापली जाऊ लागली, ते वर्षही १८४८ हेच. पत्रात लिहिणारा गृहस्थ आणि ते पत्र दहा लोकांनी वाचावे म्हणून खोली उघडणारा गृहस्थ एकच असावा, हा योगायोग खचित नव्हे. लिहिणे आणि वाचावयास मांडणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे त्या पिढीने ओळखले होते.

या जुन्या वाचनालयांची रीत मेजाची. मध्ये एक लांबरुंद मेज, भोवती खुर्च्या किंवा बाके, आणि मेजावर आलेली पत्रे व मासिके पसरलेली. ही रीत सोपी, स्वस्त आणि गप्पागोष्टींना सोयीची होती. पण तिच्यात एक खोड होती. ज्याचे वजन अधिक किंवा ज्याची मागणी अधिक तो अंक वर राहावयाचा आणि लहानसे, नवखे मासिक त्याखाली गडप व्हावयाचे. आवडीचा अंक एका सभासदाने हाती घेतला म्हणजे दुसऱ्यास तो आला आहे हेदेखील कळावयाचे नाही. संध्याकाळी उशिरा येणाऱ्यास मेजावर जे उरले असेल तेच या महिन्याचे मराठी वाङ्मय, असे समजून परत जावे लागे. मेज सर्वांस खुले होते खरे. तथापि सर्वांस सारखे दिसत नव्हते.

असे न दिसण्याने किती नुकसान होत होते, याची कल्पना त्या काळच्या मासिकांकडे पाहिल्यावर येते. एकोणिसाव्या शतकातील मराठी विचाराचा फार मोठा भाग प्रथम ग्रंथरूपाने आलाच नाही. तो अंकाअंकांनी आला. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या संपादनाखाली १८६७ साली निघालेले ‘विविधज्ञानविस्तार’ १९३७ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षे चालले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ सुरू केली. तिचे एकंदर ८४ अंक निघाले आणि त्यांतील बहुतेक सर्व मजकूर त्यांचा स्वतःचा होता. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी वाचकांनी त्यातूनच प्रकरणाप्रकरणाने वाचली. पुढील प्रकरणात यमूचे काय होणार याची आठवडाभर वाट पाहणारा वाचक आणि सबंध कादंबरी एका बैठकीत संपविणारा वाचक यांचे अनुभव एक नव्हेत. पहिल्याला लेखकाच्या बरोबरीने चालावयास मिळते. चालू अंक वेळेवर न दिसलेल्या वाचकास हे चालणे मिळत नाही. त्यास पुढे केव्हातरी तयार झालेला ग्रंथ मिळतो.

हा सारा व्यवहार केवळ मुंबई-पुण्यापुरता होता, अशीही समजूत करून घेऊ नये. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यास ‘दीनबंधु’ काढले आणि बहुजनसमाजाचे प्रश्न वर्तमानपत्राच्या पानावर आणले. त्यांचेच पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक चालविले. आणि तेही शहरातून नव्हे, तर अहमदनगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून. खेड्याने शहरातील छापील मजकुराची नुसती वाट पाहत बसावे, हा समज या एका उदाहरणानेच खोटा ठरतो. खेडे लिहू शकत होते, छापू शकत होते आणि टपालाने अंक पाठवूही शकत होते. उणीव होती ती असे अंक एका ठिकाणी, एका नजरेत दिसतील आणि वर्ष उलटल्यावरही सापडतील अशा जागेची.

दर्शनी मुखपृष्ठाचे महत्त्व मराठी प्रकाशकांस कळावयासही काही काळ जावा लागला. जुन्या मासिकांची वेष्टने बहुधा नाव, अनुक्रमणिका, वर्गणीचे दर आणि जाहिराती यांनी भरलेली असत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली सुरू केलेल्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळीचा खास अंक काढला, आणि मराठीतील दिवाळी अंकांची परंपरा तेथून सुरू झाली. तेव्हापासून अंकाचे बाह्यांग हेही वाचकास बोलाविण्याचे साधन झाले. ‘किर्लोस्कर’ १९२० साली, ‘स्त्री’ १९३० साली आणि ‘मनोहर’ १९३४ साली निघाले. सचित्र मुखपृष्ठाने ओळखली जाणारी मासिके हळूहळू घरोघर दिसू लागली. गंमत अशी की, हेच मुखपृष्ठ ग्रंथालयांनी सर्वांत कमी जपले. वर्षअखेरीस बारा अंक बांधणीस जात तेव्हा बांधणारा वेष्टने व जाहिरातींची पाने काढून टाकी आणि फक्त ‘मजकूर’ शिवून देई. परिणामी जुन्या बांधीव खंडांतून लेख मिळतात, परंतु त्या काळच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रत्यक्ष काय आले होते, कोणत्या पुस्तकाची, कोणत्या औषधाची, कोणत्या शाळेची जाहिरात त्याने पाहिली होती, हे कित्येकदा कळत नाही. इतिहासकाराला आज त्या टाकून दिलेल्या पानांची हळहळ वाटते.

मेजावरील गोंधळास शास्त्रशुद्ध उत्तर मिळाले ते विसाव्या शतकात. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आपल्या राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणावयास आरंभ केला. मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या आणि १९१२ साली बडोद्याहून ग्रंथालयविषयक एक नियतकालिकही निघाले. ग्रंथालयाचे दार खेड्यातील माणसास उघडे असावे, ही कल्पना तेथे राज्यकारभाराचा भाग झाली. मद्रासेस गणिताचे अध्यापक शियाळी रामामृत रंगनाथन यांची १९२४ साली विद्यापीठाच्या ग्रंथपालपदी नेमणूक झाली. त्यांनी लंडनमध्ये शिक्षण घेऊन परत आल्यावर कुलूपबंद कपाटे वाचकांस खुली केली आणि १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपाने मांडले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत; प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा; प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा; वाचकाचा वेळ वाचवावा; आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असा त्यांचा आशय आहे.

हे पाचही नियम पुस्तकापेक्षा नियतकालिकाला अधिक काटेकोरपणे लागू पडतात. पुस्तकास त्याचा वाचक पाच वर्षांनी मिळाला तरी चालते. अंकास तो त्याच महिन्यात मिळावयास हवा. पुस्तक हवे असलेला वाचक नाव घेऊन येतो. मासिकाचा वाचक पुष्कळदा काही मनात न धरता येतो आणि समोर जे दिसेल त्याने थांबतो. यास्तव ग्रंथालयशास्त्राने अंक मांडण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा तपासून पाहिल्या. एक तऱ्हा खणांची. कपाटास लहान लहान खण पाडून प्रत्येकात एक मासिक आडवे ठेवावयाचे. तिच्यात थोड्या जागेत पुष्कळ अंक मावतात, पण तोंड कोणाचेच दिसत नाही. खणावरील चिठ्ठी वाचूनच अंक ओळखावा लागतो. दुसरी तऱ्हा खुंट्यांची. फळीस भोके पाडून त्यांत खुंट्या बसवावयाच्या आणि त्यांच्या आधाराने अंक टेकवावयाचे. अंकाच्या आकारमानाप्रमाणे खुंट्या हलविता येतात ही तिची सोय. तिसरी तऱ्हा पायऱ्यांची. देवापुढील आराशीप्रमाणे एकामागे एक चढत्या पायऱ्यांवर अंक उभे करावयाचे. मागच्या अंकाचा खालचा भाग पुढच्याने झाकला जातो, परंतु वरचे नाव दिसते, आणि मासिकाचे नाव मुखपृष्ठाच्या माथ्यावर छापण्याची रूढी येथे उपयोगी पडते.

चौथी तऱ्हा उतरत्या फळीची, आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांस तीच सर्वांत मानवली आहे. भिंतीलगत तिरकस फळ्यांचे थर असतात. प्रत्येक फळीच्या खालच्या काठास अंक घसरू नये म्हणून अरुंद पट्टी असते आणि चालू अंक तीवर संपूर्ण तोंड दाखवून उभा असतो. फळीला वरच्या बाजूस बिजागरी असते. ती उचलली की मागे खण, आणि त्या खणात त्याच मासिकाचे त्या वर्षीचे मागील अंक. वर या महिन्याचा विचार, आणि त्याच्याच पाठीशी गेल्या अकरा महिन्यांचा विचार. तिला जागा अधिक लागते, हा एकच तिच्यावरील आक्षेप. एका मासिकास एक फूट रुंदी धरली तर पन्नास नियतकालिकांस पन्नास फूट फळी हवी; पाच थर केले तर दहा फूट भिंत पुरे होते. कोणत्याही महाविद्यालयाच्या वाचनकक्षात दहा फूट भिंत निघणे फारसे अवघड नाही.

मांडणीची दुसरी बाजू नोंदीची आहे. आलेला अंक सर्वांस दिसतो. न आलेला कोणासही दिसत नाही. टपालात अंक गहाळ झाला, वर्गणी संपली किंवा मासिक बंद पडले, तरी फळीवर जुनाच अंक निमूटपणे उभा राहतो. याकरिता रंगनाथन यांनी तीन पत्रकांची पद्धत सुचविली. एका पत्रकावर आलेल्या अंकांची नोंद, दुसऱ्यावर अंक न आल्यास तगादा केव्हा करावयाचा याचे स्मरण, आणि तिसऱ्यावर विषयवार सूची. तगादा वेळेवर न केल्यास प्रकाशकाकडील प्रती संपतात. मग वर्षअखेरीस अकराच अंक हाती राहतात आणि बांधीव खंडात कायमचे भगदाड पडते.

अशी भगदाडे किती मोठी असतात, हे शंकर गणेश दाते यांच्या कार्यावरून उमजते. त्यांनी १८०० ते १९३७ या कालखंडातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि पुढे १९५० पर्यंतचा भागही पुरा केला. मराठी नियतकालिकांची १८०० ते १९५० या काळातील सूचीही त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या परिश्रमांतून उभी राहिली. अशा सूचीकारास प्रत्येक नियतकालिकाचा आरंभ केव्हा, अंत केव्हा आणि मधले अंक कोठे, याचा माग गावोगावच्या संग्रहांतून काढावा लागतो. आज एखाद्या मासिकाची मालिका जेथे सलग मिळते तेथे, कोणा एका वाचनालयाने आलेला अंक रद्दीत न घालता दरसाल बांधून ठेवला, हेच त्याचे कारण असते. सरकारने १९५४ साली ग्रंथप्राप्तीचा कायदा केला आणि १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रे व नियतकालिके त्याच्या कक्षेत आणली. त्यामुळे प्रकाशकांनी कोलकाता, चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील ठरावीक ग्रंथालयांस प्रती पाठविणे बंधनकारक झाले. कायदा उपयुक्त आहे. परंतु जिल्ह्यातील लहान प्रकाशनांचा जवळचा व खात्रीचा आश्रय स्थानिक ग्रंथालय हाच होय.

नाशिक जिल्ह्यात उच्च शिक्षणाची वाढ याच काळात झाली. मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना १९१४ साली झाली. गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ साली नाशिकास महाविद्यालय काढले. तेच हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध आहे. त्या वेळी ते मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली होते. पुणे विद्यापीठ १९४९ साली अस्तित्वात आल्यावर जिल्ह्याला जवळचे विद्यापीठ लाभले आणि पुढील दशकांत महाविद्यालये तालुक्यांच्या गावी पोचली. १९९९ साली स्वतंत्र तालुक्याचे ठाणे झालेले देवळा हे त्यांपैकीच एक. कर्मवीर रामरावजी आहेर यांच्या नावाचे कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय तेथे आहे. चांदवडकडून भावडबारी ओलांडून सटाण्याकडे जाणाऱ्या विंचूर-प्रकाशा रस्त्यावरचे हे गाव. जवळच गिरणाकाठचे लोहोणेर आणि कांद्याच्या बाजारामुळे ठाऊक असलेले उमराणे. आसपासचा मुलूख कांद्याचा आणि डाळिंबाचा आहे. घरी अहिराणीचे वळण असलेली बोली आणि वर्गात ग्रांथिक मराठी व इंग्रजी, अशा तिहेरी भाषाव्यवहारात या भागातील पुष्कळ मुले वाढतात.

अशा ठिकाणी चालू अंकांच्या मांडणीस जे महत्त्व आहे ते मोठ्या शहरात नाही. शहरातील विद्यार्थ्यास ग्रंथालयात अंक न दिसला तर रस्त्यावरील विक्रेत्याकडे तो दिसू शकतो. तालुक्याच्या गावी वैचारिक मासिक किंवा संशोधनपत्रिका विक्रेत्याकडे क्वचितच येते. ती दिसलीच तर महाविद्यालयाच्या फळीवर दिसते. त्यातून बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा दिवस एस.टी.च्या वेळेने बांधलेला असतो. शेवटचा तास आणि गाडीची वेळ यांमध्ये जो अर्धा-पाऊण तास उरतो, तेवढाच त्यांच्या स्वैर वाचनाचा काळ. वाचकाचा वेळ वाचवावा, हा रंगनाथन यांचा नियम येथे अगदी घड्याळावर मोजून पाहता येतो. अंक मागण्यासाठी चिठ्ठी भरा, ओळखपत्र ठेवा, शिपाई कपाट उघडीपर्यंत थांबा, एवढ्यात ती वेळ निघून जाते. अंक समोर असेल तर त्याच वेळात एक लेख वाचून होतो.

फळीवर काय असावे, हेही या मुलखाच्या गरजेवरून ठरते. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेले ‘साधना’, बंगळूरहून १९३२ पासून निघणारे ‘करंट सायन्स’, मुंबईहून १९६६ पासून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’, १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आणि शेतीविषयक मासिके ही एका रांगेत उभी राहिली म्हणजे तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांची नजर एकमेकांच्या विषयावरून फिरते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी कांद्याच्या निर्यातीवरील लेख शोधावयास येतो आणि शेजारच्या फळीवरील मातीच्या परीक्षणाचा लेख त्याच्या दृष्टीस पडतो. ज्या विषयाचे नावही त्याने घेतले नसते, तो विषय केवळ शेजारामुळे त्याच्या वाट्यास येतो. सूचीतून शोधणाऱ्यास जे मागितले ते मिळते. फळीपुढे उभे राहणाऱ्यास न मागितलेलेही मिळते.

अलीकडच्या काळात या फळीसमोर दोन अडचणी उभ्या राहिल्या आहेत. पहिली संगणकाची. २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या एन-लिस्ट योजनेमुळे लहान महाविद्यालयांनाही हजारो विद्युत् नियतकालिके अल्प वर्गणीत वाचता येऊ लागली. हे मोठेच वरदान आहे. विज्ञानाच्या ज्या महागड्या पत्रिका तालुक्याच्या गावाने कधी पाहिल्या नसत्या, त्या आता पडद्यावर येतात. पण त्यांत इंग्रजीचा भरणा मोठा आहे. मराठी मासिकांस तेथे जवळजवळ स्थान नाही. शिवाय पडद्यावरील पत्रिका नाव ठाऊक असणाऱ्यासच सापडते. वर्गणीच्या पैशांची ओढाताण झाली की, ‘सर्व काही संगणकावर आहे’ असे म्हणून कात्री लागते ती नेमकी छापील मराठी अंकांस, म्हणजे जे संगणकावर नाहीत त्यांसच.

दुसरी अडचण तपासणीची आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद १९९४ साली स्थापन झाल्यापासून महाविद्यालयांस ग्रंथालयावरील खर्चाचा आणि तेथील साधनसंपत्तीचा हिशेब द्यावा लागतो. हिशेब मागितला जाणे इष्टच आहे. मात्र कोणत्याही संस्थेत आकड्यास महत्त्व आले की मांडणी परीक्षकाकडे तोंड करून बसण्याचा धोका असतो. काचेआड, कुलपात, एकही घडी न मोडलेले अंक ओळीने लावलेले असतात. पाहणाऱ्यास समाधान वाटते. परंतु पुस्तके व अंक उपयोगासाठी आहेत हा पहिलाच नियम तेथे मोडलेला असतो. कोपरे दुमडलेला, मधले पान सैल झालेला अंक हा त्या ग्रंथालयाच्या कार्याचा अधिक विश्वसनीय पुरावा होय.

‘मनोरंजन’ गेले, ‘विविधज्ञानविस्तार’ गेले. १८४९ साली सुरू झालेले ‘ज्ञानप्रकाश’ शतकाहून अधिक काळ चालून १९५१ साली थांबले. १९३३ साली निघालेली ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झाली. नियतकालिके बंद पडावयाचीच. तो त्यांचा स्वभावधर्म आहे. पण ज्यांचे अंक कोणीतरी बांधून ठेवले त्यांचा विचार आजही उपलब्ध आहे, आणि आता जुने अंक यंत्राने टिपून सर्वांस खुले करण्याचे जे प्रयत्न चालतात तेही त्या जपलेल्या कागदावरच अवलंबून आहेत. यंत्रास कितीही सामर्थ्य आले तरी रद्दीत गेलेले पान त्यास टिपता येणार नाही.

तेव्हा महाविद्यालयीन ग्रंथालयाने नियतकालिकांबाबत तीन कामे नेमाने करावयाची असतात. अंक ज्या दिवशी येईल त्याच दिवशी तो नोंदवून तोंड बाहेर करून फळीवर मांडावा. महिना संपला की तो फळीमागच्या खणात ठेवावा, आणि न आलेल्या अंकासाठी त्याच आठवड्यात पत्र पाठवावे. वर्ष पुरे झाले की बाराही अंक मुखपृष्ठांसह बांधून घ्यावे, आणि खंडाच्या पाठीवर नाव व साल सुवाच्य अक्षरांत लिहावे. या तीन कामांना मोठा निधी लागत नाही. एक फळी, एक नोंदवही आणि एक नियमित माणूस एवढ्यावर ती चालतात. मराठीत उद्या जो ग्रंथ होणार आहे त्याचे पहिले प्रकरण कदाचित या महिन्याच्या एखाद्या अंकात छापून आले असेल. गाडीची वेळ होण्यापूर्वी देवळ्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने ते वाचावे, एवढ्याकरिता तो अंक आज त्याच्या समोर असावयास पाहिजे.